रंगरावांचे नाक

रंगराव कोणाच्याही घरी गेले, की उंबऱ्याशी क्षणभर थांबत. पाहणाऱ्याला वाटे, गृहस्थ चपला काढीत आहेत. प्रत्यक्षात ते त्या घराचा वास घेत असत. मग आत येऊन, बसण्यापूर्वीच, ते आपला निष्कर्ष सांगून टाकीत. "वांगी केल्यात. तळाला लागल्यात." किंवा, "न्हाणीची मोरी तुंबलीय, बगून घ्या." कोणाला लाजवावे असा त्यात हेतू नसे. डोळ्यांना दिसलेले आपण जसे सहज बोलून जातो, तसे ते नाकाला आलेले बोलत.

माझ्या मंगळवार पेठेतल्या घरी ते प्रथम आले तेव्हाही असेच झाले. शाळेतली संस्कृतची नोकरी संपवून मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि सायंपूजेची तयारी करीत होतो. दारात एक उंच, सावळे, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ येऊन उभे राहिले आणि नमस्कार करण्याआधी म्हणाले, "शास्त्रीबुवा, कापूर कुठनं आणता?"

"इथूनच, पेठेतून. का बरे?"

"झाडाचा न्हाय ह्यो. कारखान्यात केल्याला हाय. देवाला चालतोय का ते तुम्ही ठरवा, नाकाला काय चालंना."

दुसऱ्या दिवशी मी कापराचे दुकान बदलले. रंगराव मात्र कापरासाठी आले नव्हते. जुन्या झालेल्या द्राक्षासवाच्या वासाचे वर्णन आपल्या संस्कृत वैद्यकग्रंथांत कसे केले आहे, हे त्यांना विचारायचे होते. एका अनोळखी माणसाने संध्याकाळी येऊन असा प्रश्न विचारावा, याचे मला आश्चर्य वाटले आणि, खरे सांगायचे तर, आनंदही झाला. शाळेत इतकी वर्षे शिकवूनही मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

रंगराव मूळचे शिरोळकडचे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते तिकडच्याच एका साखर कारखान्यात लागले. काही वर्षे त्यांनी साखरेच्या विभागात काढली आणि पुढे आसवनीत, म्हणजे उसाच्या मळीपासून मद्यार्क काढण्याच्या विभागात, ते प्रमुख झाले. निवृत्तीनंतर शाहूपुरीत एका दुकानाच्या माडीवर ते आणि त्यांच्या पत्नी इंदुवहिनी राहत. मुलगा बंगळूरला असे. आपल्या कामाविषयी ते फारसा अभिमान बाळगीत नसत. म्हणत, "आमी काय केलं? मळी आंबवली, मद्यार्क काढला, टँकरात भरला, दिला पाठवून. तिकडं स्कॉटलंडात काढत्यात आन् पिंपात घालून इसरून जात्यात. धा-धा, ईस-ईस वर्सं! इसरण्यातच सगळी करामत हाय बगा."

त्या विसरण्याचे त्यांना वेड लागले होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेचे कपाट होते आणि त्यात कोणत्या ना कोणत्या प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या उभ्या होत्या. परदेशातल्या एका राजघराण्यातल्या विवाहाची, घंटेच्या आकाराची चिनीमातीची बाटली; एका जहाजाच्या जलावतरणाची; एका पुलाच्या शताब्दीची. सगळ्या मोहोरबंद. रंगरावांकडे मद्य बाळगण्याचा रीतसर आजन्म परवाना होता, मात्र ते स्वतः पीत नसत. "सील हाय तवर बाटली जित्ती हाय," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यावर वहिनींचेही ठरलेले उत्तर असे. चहा ठेवता ठेवता त्या म्हणत, "लोकांची माणसं पिऊन घर भरून बाटल्या करत्यात. आमच्यात न पिता झाल्यात. आन् काय हो, दुसऱ्यांच्या लग्नाची बाटली आपल्या कपाटात कशापाय? आपल्या लग्नाची एक तरी हाय का?"

"आपल्या लग्नात सरबत हुतं की," रंगराव शांतपणे म्हणत.

व्हिस्कीच्या बोलण्यात वारंवार येणारी शेरी म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितले. स्पेन देशात द्राक्षांपासून एक दाट, कडक मद्य करतात आणि ते ओकच्या लाकडी पिंपांत मुरवतात. ते काढून घेतल्यावर रिकामी पिंपे स्कॉटलंडला जातात आणि त्यांत नवी, पाण्यासारखी निरंग व्हिस्की भरून ठेवतात. लाकडाने पूर्वी जे प्यालेले असते ते वर्षानुवर्षे थोडे थोडे परत दिले जाते. रंग तिथून येतो आणि सुवासही तिथूनच. मी म्हणालो, "हिंग काढून घेतला तरी डबीत वास राहतो, तसे. आमच्याकडे वासना समजावताना अशीच उदाहरणे देतात. वस्तू जाते, संस्कार राहतो."

"बरुबर!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "पिंपाची वासना. ह्ये त्या इंग्रजी पुस्तकवाल्यांस्नी सुचायचं न्हाय."

त्यानंतर आमचा एक क्रम पडला. आठवड्यातून एकदा दुपारी मी शाहूपुरीत जाई. कपाटातल्या बाटल्यांना हात न लावता, वासासाठी म्हणून वेगळ्या आणलेल्या शेरी-पिंपातल्या एका साध्या बाटलीतून ते चमचाभर व्हिस्की पेल्यात ओतीत आणि डोळे मिटून नाकाशी धरीत. मी समोर, जरा लांब बसत असे. पहिल्याच दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितले होते, की आमच्या धर्मशास्त्रात मद्य पिणे तर राहोच, त्याचा वास घेणेही दोषांत गणले आहे. तेव्हा पेला माझ्यापुढे करू नये. दुसरा कोणी हसला असता. रंगरावांनी उठून खिडकी उघडली आणि माझी खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकवून दिली. "तुमचा नेम तुमच्यापाशी. मी वास सांगतो, तुम्ही शब्द द्या."

मग ते सांगत आणि मी ऐकत असे. "वर मनुका हाय. डब्यातली न्हवं, खिरीत शिजून फुगल्याली. तिच्याखाली वाळलं अंजीर. मग संत्र्याची साल, उन्हात टाकल्याली, कडा मुडपल्याली. लांब कुठंतरी लवंग. आन् सगळ्यात शेवटी जुनं लाकूड. देव्हाऱ्याचा खण उघडल्यावर येतो बगा, तसा." मी त्यांना शब्द देत गेलो. दूरवर पसरणाऱ्या सुवासाला 'आमोद' म्हणावे आणि चोळल्या-मर्दिल्यावर उमलणाऱ्याला 'परिमल', हा भेद त्यांना इतका आवडला की पुढे ते वहिनींच्या फोडणीलाही तो लावू लागले. "आज लसणाचा आमोद जिन्यापातुर आला." वहिनी आतून म्हणत, "आमोद खाली ठिवा आन् कोथमीर निवडा."

माझ्यापाशी शब्द होते आणि वस्तूचा अनुभव नव्हता; त्यांच्यापाशी अनुभव होता आणि शब्द तोकडे पडत. अशा प्रकारे दोन वृद्धांच्या अनेक दुपारी गेल्या. त्यांत कोणाचे काही बिघडले नाही.

कपाटाच्या मधल्या खणात एक बाटली एकटीच असे. आसवनीत मद्यार्क गाळण्याचा नवा मनोरा बसवायला आलेल्या एका स्कॉटिश अभियंत्याने, काम संपवून जाताना, ती रंगरावांना भेट दिली होती. तिकडच्या एका जुन्या मद्यभट्टीच्या वर्धापनाच्या स्मरणार्थ मोजक्याच बाटल्या काढल्या होत्या, त्यांतली ही. लाकडी पेटी, लाखेची मोहोर, आत जाड कागदाची घडीपत्रिका. व्हिस्की आरंभापासून शेवटपर्यंत शेरीच्याच पिंपात मुरलेली. जुन्या तांब्याच्या घंगाळाला असतो तसा तिचा रंग. पत्रिकेतली सुवासांची यादी रंगरावांना पाठ होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "छापणाऱ्याचं काय जातंय? आत काय हाय ते नाकानं बगितल्याबिगर खरं न्हाय." आयुष्यभर त्यांनी हजारो टँकर मद्यार्क काढला होता; पण ज्या रीतीने खरे मद्य होते असे ते मानीत, त्या रीतीची ही एकच उत्तम बाटली त्यांच्या हाती आली होती. तिच्यात काय आहे हे एकदा स्वतःच्या नाकाने जाणावे, एवढी एकच इच्छा त्यांनी माझ्यापाशी कधी बोलून दाखविली. पण मोहोर फोडायला हात धजत नसे. शेवटी त्यांनी मुहूर्त ठरवला. आपल्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी, शांतिहोम झाल्यावर, बाटली उघडायची. "धूर निघून जाऊ दे, नाक धुऊन घेतो, मग."

त्या दिवसाच्या आधीच महासाथ आली. रंगराव आणि वहिनी दोघेही आजारी पडले, दोघेही बरे झाले. वहिनींना पंधरवड्यात वास येऊ लागला. रंगरावांना आला नाही.

आरंभी त्यांनी ते हसण्यावारी नेले. "कारखाना बंद हाय, देखभाल चाललीय." महिने गेले तसे ते बोलेनासे झाले. एका दुपारी मी जिना चढत असता दूध करपल्याचा उग्र वास आला. वर जाऊन पाहतो तो रंगराव शेगडीपासून दोन हातांवर वर्तमानपत्र वाचीत बसलेले. भांडे काळे पडलेले. मी धावत जाऊन शेगडी बंद केली. त्यांनी भांड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "किती लांबनं आला?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "खालच्या पायरीपासून." त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. त्या दिवशी त्यांनी शब्द मागितले नाहीत.

जेवणातली गोडीही गेली. वहिनींनी मुद्दाम मटण केले तर म्हणाले, "तिखाट हाय. मीठ हाय. मटण मात्र न्हाय." वहिनी त्यावर काही टोला देतील असे मला वाटले, पण त्या पदराने डोळे पुसत आत गेल्या.

डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला होता. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ, एकेक वस्तू नाकाशी धरून तिचा वास मनात आठवायचा. मी सोबतीला जाऊ लागलो. ते लवंग हुंगीत आणि मी तिचे वर्णन करीत असे, म्हणजे पूर्वीच्या क्रमाच्या उलट. मी घरून चंदनाची उटी नेली, बेल नेला, तुळशीची मंजिरी नेली. ते प्रत्येक वस्तू हातात घेऊन, डोळे मिटून, पूजेसारखे मन लावून हुंगीत. मग डोळे उघडून नकारार्थी मान हलवीत. सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस आला. होम झाला, औक्षण झाले, मुलगा-सून येऊन गेली. बाटलीचा विषय कोणी काढला नाही.

तो पुढे त्यांनीच काढला. एके दिवशी मी गेलो तर बाटली पेटीबाहेर, टेबलावर. ती उजेडात धरून ते म्हणाले, "बगा, पातळी खांद्याखाली उतरलीय. बूच वाळलं. आता दर वर्साला हिच्यातला वास उडणार. पोरगा म्हणतोय, पुण्यात एक शौकीन हाय, देऊन टाका. दिली तर तो बी कपाटातच ठिवणार. मग हिच्यात काय हुतं ते कुणालाच कळायचं न्हाय." माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, माझं नाक काय आता येत न्हाय. तुमचं येतंय. वास तुम्ही घ्या आन् मला सांगा. तुमच्या वैनीला कळंल वास, पण सांगता यायचा न्हाय. तुमास्नी सांगता येतंय. नेम मोडा म्हणत न्हाय मी. इचारतोय फकस्त."

मी एका दिवसाची मुदत मागितली. घरी जाऊन ग्रंथ पाहिले. दोष स्पष्ट होता. त्याचे प्रायश्चित्तही सांगितलेले होते, उपोषण आणि प्राणायाम. ते मला झेपण्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी स्नान करून मी शाहूपुरीत गेलो आणि म्हणालो, "उघडा."

वहिनींनी टेबलावर धुतलेले पांढरे पातळ अंथरले होते. रंगरावांनी चाकूच्या टोकाने लाख काढली. बूच फिरवताच त्याचा भुगा झाला. अर्धे बाहेर आले, अर्धे आत पडले. मग वहिनी स्वयंपाकघरातून गाळणी घेऊन आल्या. "इतकी वर्सं देवासारखी ठिवली, आन् आता चहाच्या गाळणीतनं!" रंगरावांना हसू आले आणि सगळ्यांचाच श्वास मोकळा झाला.

त्यांनी पेला माझ्या हाती दिला. "नाक आत खुपसू नका. हनुवटीपाशी धरा. तोंड जरा उघडं ठिवा. नाकाला घाई चालत न्हाय." पहिल्या वेळी नुसती आग आली, डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्यांनी चमच्याने थोडे पाणी घातले आणि थांबायला सांगितले. दुसऱ्या वेळी मी मनुका ओळखली. खरोखरच, खिरीतली, फुगलेली. मी बोलू लागलो. अंजीर. काकवीचा दाटपणा. संत्र्याची वाळकी साल. अक्रोडाचा किंचित कडवटपणा. इतकी वर्षे ज्या गोष्टी मी कानांनी ऐकल्या होत्या त्या एकामागून एक समोर येत होत्या, आणि रंगराव टेबलाची कड धरून, संथा घेणाऱ्या विद्यार्थ्यासारखे, माझ्या ओठांकडे पाहत होते. "फुडं?" ते म्हणत. "फुडं?"

पुढे मी अडलो. त्या सगळ्यांच्या मागे आणखी एक वास होता आणि तो सुवास नव्हता. मी पुन्हा पेला नाकाशी नेला. तो होताच.

"का थांबला?"

या माणसाने या एका बाटलीची आयुष्यभर वाट पाहिली होती; आता तो स्वतः तपासूही शकत नव्हता. मी सांगेन तेच त्याच्यासाठी खरे ठरणार होते.

"शास्त्रीबुवा," रंगराव हळू आवाजात म्हणाले, "छापील सांगायचं असतं तर ती पत्रिका हुती की. नाकात काय आलं?"

"काडी ओढून विझवल्यावर मागे राहतो," मी म्हणालो, "तसा वास आहे. मनुकेच्या मागे. फार नाही, पण आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "म्हंजे? नासली का काय?"

रंगरावांनी हात वर करून त्यांना थांबवले. "रबर जळल्यागत, का काडी इझल्यागत?"

"काडी."

ते खुर्चीत मागे रेलले. चेहऱ्यावर निराशा असेल म्हणून मी पाहिले. तशी काही नव्हती. "गंधक," ते म्हणाले. "रिकाम्या पिंपाला बुरशी धरू नये म्हणून आत गंधकाची बत्ती जाळत्यात. ती जरा जादा झाली की वास लाकडात बसतो, आन् लाकूड तो दारूला देतंय. जाणकार ह्येला खोट म्हणत्यात. म्हणू देत. छापणाऱ्यानं लपवलं आन् तुम्ही सांगितलं." मग ते स्वतःशीच हसले. "आमच्याकडं उसाचा रस पांढरा करायला गंधकच जाळत्यात. नोकरीच्या पयल्या वर्सात त्या भट्टीवर हुतो मी. स्पेनच्या पिंपातनं, स्कॉटलंडातनं, काय आलं बगा माझ्या दारात!"

वहिनी इतका वेळ उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन माझ्या हातातून पेला घेतला, आजवर ज्या बाटल्यांना त्यांनी पुसण्यापुरताच हात लावला होता त्यांतल्या एकीतला, आणि दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"आवं," त्या म्हणाल्या, "ह्यो तुमचा सदरा हाय."

"काय?"

"नवं लगीन झाल्यालं, तवा तुमच्या सदऱ्याला यायचा, त्योच. मी दोन-दोनदा साबण लावायची, जायचा न्हाय. तुमच्या आईनं सांगितलं, तिकडं रस पांढरा हुतो, हिकडं धुणं पिवळं हुतंय, सोड. त्योच हाय ह्यो."

"खरंच?"

"व्हय. माझ्या नाकाला इचारा की, त्याला चांगलं ठावं हाय."

रंगरावांनी पेला घेतला, नाकाशी धरला, बराच वेळ धरला. मग खाली ठेवला. "मला न्हाय येत," ते म्हणाले. "पर तुम्ही दोघं म्हणताय तर हाय." त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. "ग्वाड हाय," एवढेच बोलले, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितले.

मी माझे प्रायश्चित्त केले. रंगराव त्यानंतर दोन पावसाळे काढून, एका सकाळी झोपेतच गेले. नाक शेवटपर्यंत आले नाही. बाकीच्या बाटल्या मुलाने पुण्याच्या त्या गृहस्थांना दिल्या.

रक्षाविसर्जनाच्या सकाळी पंचगंगेच्या घाटावर, आमच्याकडे पद्धत आहे त्याप्रमाणे, गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ पानावर मांडले होते. मटण होते, वांगी होती, खीर होती. मुलाने एका लहान पेल्यात त्या उघड्या बाटलीतली व्हिस्की आणली होती. ती मांडावी की नाही, यावर भाऊबंदांत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणाले, ते तर कधी पीत नव्हते. कोणी माझ्याकडे बोट दाखवले, की शास्त्रीबुवांना विचारा. वहिनी कोणाला न विचारता पुढे आल्या आणि पेला पानाच्या कडेला, खिरीशेजारी ठेवला. मग माझ्याजवळ येऊन, इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी विचारले, "शास्त्रीबुवा, तिकडं गेल्यावर नाक परत मिळतंय का हो?"

मी जे ग्रंथ शिकलो आणि शिकवले ते एकेक मनात उलगडून पाहिले. परलोक, देह, इंद्रिये यांविषयी त्यांत पुष्कळ आहे. हा प्रश्न मात्र त्यांत कोणी विचारलेला नाही. आधार नसता विधान करू नये, असे मी पिढ्यांना सांगत आलो.

"मिळते, वहिनी," मी म्हणालो.